धावत्या नवऱ्यास कोंडल्याबाबत

जबाब देणार : तक्रारदाराची पत्नी, वय ५२ वर्षे, धंदा शिवणकाम (पडदे व गाद्यांच्या खोळी), राहणार बेकरीच्या वरचा मजला.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर आहेत. गेली अठरा वर्षे ते लांब पल्ल्याच्या शर्यती धावतात. साधी मॅरेथॉन आता त्यांना पुरत नाही, शंभर किलोमीटर लागतात. क्लबातले लोक त्यांना इंजिन म्हणतात आणि हे फुगतात.

मागच्या महिन्यात धावताना त्यांना भोवळ आली. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून मला समोर बसवून सांगितले की, धावणे चांगलेच, पण वर्षानुवर्षे इतके ताणल्याने यांच्या हृदयाचा वरचा कप्पा मोठा झाला आहे, स्नायूवर व्रण आहे, ठोके मध्येच ताल सोडतात. रोज तासभर चाला, मोठी शर्यत आता नाही. बाहेर आल्यावर पती म्हणाले, "लोक बसून बसून मरतात. धावून कोण मरतं?" मी म्हटले, "मग पहिला मान तुम्हीच घ्या."

त्यानंतर मी हात जोडले, अबोला धरला, बूट माळ्यावर टाकले. त्यांनी नवे आणले.

आज दुपारी बॅग भरताना ते पलंगाची कड धरून खाली बसले. ओठ पांढरेफटक. जरा वेळाने उठले आणि परत मोजे शोधू लागले. बस संध्याकाळी सातची, शर्यत उद्या पहाटे. मी खोलीबाहेर आले आणि कडी लावली. होय, मीच लावली. रागाच्या भरात नाही, पूर्ण शुद्धीत लावली.

आधी त्यांनी दार बडवले. मग खोलीतच जागच्या जागी धावू लागले. बेकरीवाले वर येऊन म्हणाले, "वहिनी, काय कुटताय एवढं?" मी म्हटले, "मी नाही, हे धावताहेत." ते बंद दाराकडे बघत खाली गेले.

मग पावले थांबली. मी हाक मारली. उत्तर नाही. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. उघडावे तर सोंग असेल आणि हे निसटतील. न उघडावे तर आत काय झाले असेल कोण जाणे. साहेब, असे दारापाशी उभे राहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मग आतून हळू आवाज आला. ते फोनवर तुम्हालाच सांगत होते, "बायकोनं कोंडलंय मला." तो आवाज ऐकून इतके हायसे वाटले की मी तिथेच बसून रडले. पण तुमचे शिपाई येईपर्यंत कडी काढली नाही.

हा जबाब चालू असताना पती आत येऊन म्हणाले, "साहेब, तक्रार मागे घेतो. जाऊ द्या, बायकोच आहे. लवकर आटपा, माझी बस चुकेल." त्यांनी तक्रार मागे घेणे मला मान्य नाही. माझ्यावर जी काय कलमे लागतील ती लावा. त्यांना इथे बसवून ठेवा.

येथपर्यंतचे मला वाचून दाखवले, मी सांगितले तसेच लिहिले आहे. माझी सही झाली की दोघांनाही जाता येईल, असे साहेब म्हणतात. सात वाजायला वीस मिनिटे आहेत. मी सही करत नाही.