व्हेल आणि माझा सोमवार

ऑफिसात व्हेलचा विषय निघाला की हल्ली मी उठून चहा करायला जातो. आमच्या वेलिंग्टनच्या लंच टेबलावर तेच चालू असतं. जपानी केंजी म्हणतो, "आमच्या घरी आजोबांपासून व्हेल खातात." इथला क्रेग लॅम्ब चावत म्हणतो, "इतका हुशार प्राणी, आणि तुम्ही खाता?"

त्या दिवशी वैतागून मी खाली मान घालून डबा खात होतो. क्रेगने एकदम विचारलं, "तू खाशील व्हेल?"

सोमवारी मी नॉनव्हेज खात नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं, "आज नको, सोमवार आहे."

केंजी खूश. क्रेग डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी बॅग ठेवतोय, तोच क्रेग समोर उभा. "आज मंगळवार. आता सांग."

म्हटलं, "अरे बाबा, आज अंगारकी!"