काकांनी चाखलेले आंबे

आंबट आंब्याचं नाव काढलं ना, तं आमच्या काकांचं ऐकाच!

तवा आम्ही धामणगाव बढ्याले राहायचो. ताईचं नवं लगन झालेलं, अन् नागपूरच्या कचेरीतले जावई पहिल्यांदाच रस खायले आलेले. टोपलीभर गावरान आंबे होते. एक आंबट निघाला तरी गंजभर, म्हंजे पातेलंभर, रस नासते, म्हणून पिळायच्या आधी एकेक आंबा चाखा लागते. ते काम काकांनी हौसेनं घेतलं. पोळ्यांसाठी शिजवलेल्या पुरणाच्या पातेल्यापाशीच बसले.

पहिला चाखला. "आंबट!" दुसरा चाखला. "आंबट!" सारी टोपली आंबट!

आई रडकुंडीले आली. "आता जावयाले काय वाढू माय?" तिनं सारे आंबे शेजारच्या यमुनाबाईले देऊन टाकले. "याचा साखरांबा तरी करा."

घंटाभरात यमुनाबाई हासत हासत आल्या. टोपलीत गंज, गंजात रस! "रिकामी टोपली कशी वापस देऊ? अन् इतक्या गोड आंब्याचा साखरांबा कायले वो?"

जावयांनी वाटीवर वाटी हाणली. आईनं काकांकडं पाह्यलं. "भाऊजी, तुमाले हे आंबट काऊन लागले?"

"आणा बरं," म्हणत काकांनी रस चाखला अन् तोंड वाकडं केलं. "हा बी आंबटच हाय!"

"आधी गालातलं पुरण गिळा!" आई कडाडली. "गुळावर कोणता आंबा गोड लागन?"

काका म्हणे, "मंग पुरण चाखायले बी कोणी पाहिजे का नाई?"