ज्याचा फॉर्म आधी

करखात्याच्या रांगेत माझ्या पुढे एक न्हावी आणि त्याच्या मागे त्याचा मेहुणा उभा होता. मेहुणा म्हणजे घटस्फोट होईपर्यंतचा.

"दाजी, सरकार बदललं, पण रांग तीच."

"सरकारचं सोड. लग्न झालेल्यांना करात सूट, आणि मी काय फुकट केस कापतो?"

"पण फॉर्मवर पत्नी म्हणून तुम्ही ताईचंच नाव लिहिलंय!"

"घटस्फोटाचा कायदा मला मान्य नाही. मी तेव्हाही विरोधी पक्षात होतो."

"अहो, तिच्या नवऱ्यानंही तेच नाव लिहिलंय."

"त्या दातांच्या डॉक्टरनं? तुला काय माहीत?"

"त्यांचाच फॉर्म भरायला आलोय."

"मग बस बोंबलत. कॉम्प्युटर एक नाव एकदाच घेतो. ज्याचा फॉर्म आधी, त्याची बायको."

"ताई चिडेल हो, दाजी."

"त्यालाही दाजीच म्हणतोस ना?"

"छे! डॉक्टरसाहेब म्हणतो."

"घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा. दाजी तोंडातून निघतच नाही."

"...ये, माझ्या पुढे उभा राहा."

"आणि तुमचा फॉर्म?"

"राहू दे. फक्त खिडकीवरून निघताना 'येतो दाजी' म्हण. जरा मोठ्यानं."