जीपमध्ये खोट नव्हती

सन दोन हजार पंचवीस, चैत्र महिना, पाडवा होऊन अकरा दिवस झालेले, गुरुवार, ऊन असं की हर्सूलच्या तलावातली म्हैस बाहेर यायला तयार नाय, आणि अशा दिवशी माझा सख्खा पोरगा विश्वजीत मला म्हणतो, बाबा, जीप भंगारात द्या! एकोणीस वर्षं झाली त्या जीपला. तिच्यावर घर बांधलं, तिच्यावर ह्याला शिकवलं, वाळूजच्या कंपनीत हा साहेब झाला तो तिच्याच जिवावर, आणि आता ह्याला तिचा आवाज सहन होत नाय. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. म्हणाला, रविवारी सगळ्यांना बसवून खुलताबादचा घाट चढून दाखवा. चढली तर ठेवा, नाय चढली तर सोमवारी माणूस येऊन घेऊन जाईल. मी म्हणालो, व्हय. दुसरं काय म्हणणार? जीपमध्ये खोट नव्हती, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

मग झालं काय होतं? तुम्हाला सांगतो, घरून निघाली की झकास पळायची. पंधरा-वीस किलोमीटर गेलं की धाप लागायची. आधी झटके, मग थरथर, मग पाय दाबून धरला तरी पुढं सरकायची नाय, मागून रिक्षावाले शिव्या घालत जायचे... मला, साहेबरावला! मी उतरायचो. डिझेलचा काटा सात वर्षांपासून बंद, म्हणून सीटखाली कडुनिंबाची काडी ठेवलेली. टाकीचं झाकण उघडायचं, काडी बुडवायची, बघायचं. झाकण फिरवलं की फुस्स करून आवाज यायचा. उन्हाचा असेल, म्हणायचो. डिझेल भरपूर. झाकण लावायचं, स्टार्टर मारायचा, की पुन्हा पहिल्यासारखी. पंधरा-वीस किलोमीटर. मग पुन्हा धाप.

आता दोष कुणाचा? उस्मानपुऱ्याच्या गयास मिस्त्रीनं पाडव्याच्या आदल्या दिवशी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून साफ केले होते, आणि पाडव्यानंतर ही धाप. तुम्हीच सांगा, तुम्ही कुणाला धरलं असतं? मी सरळ त्याच्या गॅरेजवर गेलो. तिथं चार जण गप्पा हाणत बसलेले. त्यांच्यासमोर म्हणालो, गयास, तू माझे चांगले नोझल विकून मला जुने बसवलेस. एकोणीस वर्षांत ह्या माणसानं माझा एक नट ठेवून घेतला नव्हता. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

“चाचा, गाडी किधर भी दिखाव. मेरे को बुरा नै लगा.”

बुरा नै लगा म्हणाला, पण माझ्याकडं बघितलं नाय.

शुक्रवारी वाळूजला गेलो, कॉम्प्युटर लावून गाड्या तपासणाऱ्या एका मिस्त्रीकडं. तो हातात वायर घेऊन जीपभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि विचारतो, काका, ही कुठं लावू? मी म्हणालो, ते तू शिकून यायचं होतंस. शनिवारी दुसरा. आणि मी गेल्या गेल्या काय करायचो? झाकण उघडायचो, काडी बुडवायचो, त्याच्या नाकासमोर धरायचो. हे बघ डिझेल, मला शिकवायचं नाय! मग तो एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, काका, मस्त पळते की. शनिवारवाल्यानं तर मलाच विचारलं, शुगर तपासता का वेळेवर? जीपमध्ये खोट नव्हती हे मी म्हणत होतोच, पण असं नव्हतं म्हणायचं मला!

रविवार उजाडला. मी, आमची वच्छलाबाई, पोरगा, सून, नात श्रेया. दौलताबाद मागं पडलं, घाट लागला, आणि दुसऱ्या वळणावर... धाप. झटके. बंद. विश्वजीतनं खिशातून फोन काढला. कुणाला लावणार ते मला कळलं. वच्छलाबाई म्हणाली, आधी गयासला लावा. मी म्हणालो, मी नाय लावणार. तिनं लावला. तिकडून निरोप आला, चाचाको बोलो, किसी चीज को हात नक्को लगाव. मग काय, चाळीस मिनिटं मी दगडावर बसलो, हातात काडी, आणि बायको पहाऱ्याला.

गयास मोटरसायकलवर आला. टाकीला कान लावला, झाकण हळूच ढिलं केलं. कुकरसारखी लांब शिट्टी! श्रेया हसायला लागली. त्यानं झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं.

“चाचा, ये छेद किसने बुझाया?”

तुम्हाला सांगतो, टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. डिझेल कमी होईल तशी बाहेरची हवा त्यातून आत येते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाडव्याला जीप धुताना ते दिसलं, वाटलं झाकण सडलं, धूळ जाईल, म्हणून एमसील भरून गच्च केलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. हवा आत येईना, मग डिझेल बाहेर कसं यावं? इंजिन ओढून ओढून दमायचं. मी काडीसाठी झाकण उघडलं की टाकी श्वास घ्यायची. म्हणजे रोग मीच लावायचो आणि मिस्त्रीच्या दारात गेलो की औषधही मीच द्यायचो!

मी म्हणालो, मी बुजवलं.

गयासनं एमसील खरवडलं, वच्छलाबाईच्या अंबाड्यातली पिन घेऊन छिद्र आरपार केलं. आणि चढली हो! तिसऱ्या गिअरमध्ये, पाच माणसं घेऊन, श्रेया खिडकीतून ओरडतेय, गयास मागून आमच्या धुरात. वर रसवंतीवर सगळ्यांनी रस प्यायला. विश्वजीतनं तिथूनच त्या माणसाला कळवलं, येऊ नका. मी गयासला पैसे विचारले. म्हणाला, पिन तो चाची की थी. जीपमध्ये खोट नव्हती, हे आता सगळे म्हणायला लागले.

पैसे घेतले नाय त्यानं. पण माझं देणं पैशाचं नव्हतं. सोमवारी नऊ वाजता गॅरेजवर जाऊन बसलो. तेच चार जण पाहिजे होते, दुसरे चालणार नव्हते. चौथा यायला साडेअकरा झाले. मग उठून म्हणालो, गयासनं काही विकलं नाय, छिद्र मी बुजवलं होतं.

चौथा कानानं कमी. त्याच्यासाठी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.