गुरुवारचा फेर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या प्रभागाच्या प्रमुख, माननीय श्रीमती बेर्तोलीनो. ज्यांच्या चर्चच्या तळघरात आमचं मंडळ जन्माला आलं ते आदरणीय फादर पिएरो. आजचे सत्कारमूर्ती, ब्रादुल रोमानियन लोकनृत्य मंडळाचे मावळते अध्यक्ष श्रीयुत सिल्वियु ग्रोझा. त्यांचे मेहुणे, आजचे दुभाषी आणि, आत्ताच जाहीर झाल्याप्रमाणे, उद्यापासूनचे आमचे अध्यक्ष श्री. गेलु; तुरिनमधले माझे समस्त देशबांधव; आणि पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी इलिंका. मंडळाची उपाध्यक्ष, म्हणजे खुर्च्या मांडणारी. एरवी केस कापते. गेलुसाहेब मघाशी मला म्हणाले, "इलिंकाताई, दोनच मिनिटं, आणि जरा गोड बोला." प्रयत्न करते. अध्यक्षीणबाई इटालियन, त्यांना आमची रोमानियन भाषा येत नाही, म्हणून गेलुसाहेब त्यांच्या कानात भाषांतर करतायत. मी एवढं लांबलचक बोलले की ते दोन शब्दांत आटोपतात आणि बाई हसून मान डोलावतात. चालू द्या, फार सुरेख चाललंय.

सर्वप्रथम हा समारंभ गुरुवारी ठेवल्याबद्दल सत्कारमूर्तींचे आभार. त्यांच्या मनात अर्थातच शनिवार होता. पण प्रभागाचा हा हॉल शनिवारी कुणाच्या तरी लग्नाला गेला, आणि साहेबांच्या हे लक्षातच आलं नाही की गुरुवारी दुपारी आमच्या बायकांना सुट्टी असते. नाहीतर त्या आज इथे दिसल्या असत्या का?

सिल्वियुसाहेब बुखारेस्टला चालले आहेत. तिथे ते परदेशातल्या रोमानियनांच्या संस्कृतीबद्दल सरकारला सल्ला देणार आहेत. अभिनंदन. आमच्याकडे आले तेव्हा त्यांना डावा पाय कुठे टाकायचा तेही ठाऊक नव्हतं. तो काही गुन्हा नाही. शहरातल्या सातव्या मजल्यावर वाढलेल्या माणसानं फेर पाहिला कुठे असणार? आमच्यातल्या कितीतरी जणी इथे येऊनच शिकल्या. पण साहेबांनी शिकण्यात वेळ दवडला नाही, एकदम शिकवायलाच घेतलं. आणि काय शिकवलं? दात दाखवायला. "हसा, कॅमेरा बघतोय, हसा!" पोशाख मागवले ते असे, की डोक्याचा रुमाल एका प्रांताचा, एप्रन दुसऱ्याचा, आणि टिकल्या कोणत्याच प्रांताच्या नाहीत. नाचताना बायका ओव्यांसारखी दोन दोन ओळींची थट्टा म्हणतात, ती बंद केली. गावठी वाटतं म्हणाले. लोकनृत्य मंडळात गावठी वाटतं! गेलुसाहेब, हे सांगितलंत का बाईंना? नाही? असू द्या.

आता हे मंडळ कशासाठी निघालं ते नव्या मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्या बायका या शहरात म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात. दुसऱ्याच्या आईला न्हाऊमाखू घालतात, भरवतात, तिच्याच खोलीत झोपतात. गुरुवारी दुपारी त्या सुटतात, तेव्हा जाणार कुठे? स्टेशनसमोरच्या बागेतल्या बाकांवर बसायच्या, थंडीतसुद्धा. फादर पिएरोंनी ते पाहिलं आणि तळघर उघडून दिलं. नेकुलाईकाका अ‍ॅकॉर्डियन घेऊन आले. कुणी घरचं लोणचं आणलं, कुणी कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेले सार्माले, आणि आम्ही फेर धरला. स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं. दारातून जी येईल तिच्यासाठी दोघींनी हात सोडायचे, तिला मध्ये घ्यायचं आणि पुन्हा हात धरायचे. आमच्या गावाकडे फेर असाच असतो. त्यात सगळ्यांची पाठ बाहेर आणि तोंड एकमेकांकडे.

सिल्वियुसाहेबांना ती पाठ खुपली. "प्रेक्षकांना पाठ कशी दाखवता तुम्ही?" म्हणाले, आणि फेर मधोमध कापून अर्धा केला. सगळ्यांनी एका ओळीत, तोंडं बाहेर. त्या दिवसापासून आमच्या बायका एकमेकींकडे बघून नाचल्या नाहीत. कमरेत वाकलेली, जाड घोट्यांची, ताल चुकणारी बाई पूर्ण फेरात कुणाला दिसत नाही. अर्ध्यात दिसते.

साफ्ता दिसली.

साफ्ता आमच्यातली सगळ्यात वाईट नाचणारी आहे. खोटं कशाला बोलू? सगळ्या उजवीकडे गेल्या की ही डावीकडे. तिच्या शेजारचीच्या पायांचं काय व्हायचं ते मला विचारा, मीच असायचे. पण दोन बस बदलून यायची, पिशवीतून नाचाचे बूट काढायची, आणि नाच संपेपर्यंत एक अक्षर बोलायची नाही. तिचा नवरा तिकडे गावी वारला तेव्हा तिला मातीलाही जाता आलं नाही, कारण इथल्या आजीला सोडून जायला दुसरी बाई मिळेना. त्या गुरुवारी ती आली, आणि आम्ही तिला मध्ये घेऊन नाचलो. रडू येत असताना नाचता येतं, हे बुखारेस्टमध्ये कुणी विचारलं तर सांगा, साहेब.

मग चौकातला तो मोठा कार्यक्रम आला. सगळ्या पोशाख घालून तयार. साहेब साफ्ताजवळ आले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "मावशी, तुम्ही कोट सांभाळा. फोटोत रांग बिघडते." साफ्ता पूर्ण पोशाखात, डोक्याला रुमाल बांधून, सगळ्यांचे कोट दोन्ही हातांवर घेऊन उभी राहिली. कार्यक्रम संपेपर्यंत. कोट जमिनीला लागू नयेत म्हणून बसलीसुद्धा नाही. परत येताना बसमध्ये तिनं मला एवढंच विचारलं, "इलिंका, मी कुणाचा पाय तुडवला का गं?"

मी दुसऱ्या दिवशी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, "दर्जा नावाची काही गोष्ट असते, ताई." आणि महिन्याभरात दर्जासाठी तालमी गुरुवारवरून शनिवारी रात्री नेल्या. शनिवारी रात्री कुठली बाई म्हातारीला एकटी टाकून येणार? त्याही पुढे जाऊन तळघराला नवं कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. बायका पुन्हा बागेतल्या बाकांवर. आणि अहवालात काय लिहिलं? मंडळाचं सरासरी वय लक्षणीय घटलं.

एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. निरोपाचा दिवस आहे, सार्माले गार होतायत. पण आज दारातून आत येताना तुम्ही सगळ्यांनी आपापले कोट कुणाच्या हातात दिलेत? आठवतंय? नसेलच आठवत. कोट घेणाऱ्याकडे कोण बघतं! साफ्ता आज पाहुणी म्हणून आली होती. गेलुसाहेबांनी तिला दारातच धरलं आणि म्हणाले, "बरं झालं मावशी, कोटांचं काम तुम्हाला सवयीचंच आहे." ती बघा, त्या टेबलामागे. अजून उभीच आहे.

साहेब, चुळबुळ करू नका. लोककलेचा एक छोटासा किस्सा सांगते, तिकडे सल्ला देताना उपयोगी पडेल.

तिकडे रोमानियात, बाकाव शहराजवळच्या आमच्या गावात रविवारी चर्च सुटलं की फेर धरायचे. मुलानं नाचायला बोलावलं आणि मुलगी नाही म्हणाली, तर तो वाजंत्र्यांना खूण करायचा. नाचाची धून मध्येच तोडून ते कूच वाजवायला लागायचे, पलटणीची असते तशी. मग त्या मुलीनं सगळ्या गावादेखत, त्या तालावर, एकटीनं फाटकाबाहेर चालत जायचं. माझ्या परास्किवा आत्याला असं घालवलं होतं. तिनं गिरणीवाल्याच्या मुलाला नकार दिला, कारण त्याचे हात कायम ओले असायचे. आत्या म्हणायची, "वाजवलं छान गं त्यांनी. पण एकही माणूस मान वर करून माझ्याकडे बघेना." पुरुषाला असं वाजवून घालवल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही. त्यांच्या हातून चुका होत नसाव्यात.

फादर पिएरो आमची भाषा आमच्या बायकांकडून शिकलेत, त्यामुळे त्यांना भाषांतर लागत नाही. काल ते मला म्हणाले, "इलिंका, मी तळघर मंडळाला दिलं नव्हतं. गुरुवारला दिलं होतं. कुलूप त्याचं असेल, दार माझं आहे." बरोबर ना, फादर? मान हलवतायत, बघा सगळ्यांनी. तर साहेब, ती किल्ली. गेलुसाहेबांकडे नको, इकडे टेबलावर, फुलांच्या शेजारी. शोधा, घाई नाही. कोटाच्या खिशात असेल तर कोट आणवते. आहे जवळच? छान. ठेवा.

साफ्ता, त्या ढिगामागून बाहेर ये. येताना एकच कोट आण, फरच्या कॉलरचा. सांभाळून वगैरे धरू नकोस. दे साहेबांच्या हातात. आता तुझे हात मोकळे झाले.

नेकुलाईकाका, आत्याची धून ठाऊक आहे ना तुम्हाला? हसू नका, वाजवा.

दार त्या बाजूला आहे, सिल्वियुसाहेब. तालावर चाला, अकरा वर्षं शिकवलंयत. आणि मंडळी, कुणी खाली मान घालू नका. नीट वर बघा. अध्यक्षीणबाई टाळ्या वाजवतायत, त्यांना ठेका आवडलेला दिसतो. वाजवू द्या, कुणी सांगू नका त्यांना.

अध्यक्षीणबाईंनी वेळ काढला, फादरनी दार राखलं, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. दोनच मिनिटं दिली होती, फार वेळ घेतला. गोड बोलायचं राहून गेलं, तेवढं पदरात घ्या. दुसरं काही चुकलं असेल असं वाटत नाही, पण असलंच तर त्याचीही माफी असावी.

काका, पुरे. गेले ते. आता आपल्या फेराचं वाजवा.

साफ्ता, तू माझ्या शेजारी. मैत्रिणींनो, खुर्च्या बाजूला सारा. आज गुरुवार आहे.