व्याह्यांचा छज्जा

लेक दिलेल्या घरच्या माणसाशी चालूपणा करू नये, हे मला कसं कळलं ते ऐका.

माझ्या जुन्या अँबॅसिडरमधी समोरच्या काचेतून ऊन थेट डोळ्यात यायचं. म्हणून कूलर बनवणाऱ्या पत्रेवाल्याकडून टपाच्या गोलाईवर मापून काचेवर बाहेरून छज्जा बसवून घेतलता. लई झोकात दिसायचा. चकलांब्याचे आमचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, त्यांची जुनी फियाट घेऊन आले आन् छज्ज्यावरून हात फिरवत म्हणाले, "व्याही, असला आपल्या गाडीला बी पायजे."

त्यांना न्हाई म्हणायची सोय न्हाई. पण फियाटचा टप सपाट, त्याला हा छज्जा जन्मात बसणार न्हाई, हे मला ठावं होतं. मन बी राखलं जाईल आन् छज्जा बी परत येईल, असा माझा डाव. मी स्वतः पाना घेऊन छज्जा उतरवला, वर नारळ ठेवून त्यांच्या गाडीत घातला. बायको म्हणाली, "त्यांच्या गाडीला बसंल का पण?" मी तिला डोळ्यानंच गप केलं.

आठव्या दिवशी व्याही छज्जा घेऊन हजर. मी तोंड पाडून इचारलं, "कावून, बसला न्हाई का?"

"न्हाई ना. मधी हात जाईल एवढी फट राहती."

मग निवांत चहा पिऊन त्यांनी फियाटची चावी माझ्या हातात ठेवली. "तुमी एवढ्या मानानं दिलेली वस्तू परत करणं बरं दिसत न्हाई. छज्जा जिला बसतो, ती गाडीच नेतो."

मंग काय, परत पाना काढला आन् माझ्याच अँबॅसिडरला त्यांचा छज्जा मीच बसवून दिला.