पॅनलवरचं एकशे ऐंशी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय निंबाळकर साहेब, वेळात वेळ काढून आलेल्या गावच्या सरपंच भामाबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते जालिंदर आप्पा, त्यांच्या शेजारी बसलेल्या रंभाकाकू, आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मी हर्षदा. इन्स्ट्रुमेंट विभागात आप्पांच्या हाताखाली काम करते. मला भाषणाची सवय नाही. बाहेर हूटर वाजतोय, म्हणून जरा मोठ्यानं बोलते. भैरूमामा, तुम्ही बसा. तो बंद करायला पॅनलरूमची किल्ली लागेल आणि ती माझ्याकडे आहे. का वाजतोय ते सांगतेच.

आधी आप्पांविषयी. आप्पा रोज दौंडहून येतात. एसटी चुकली तर जीप, जीप नाही मिळाली तर उसाच्या ट्रकमध्ये बसून येतात, पण येतात. मी इथे आले तेव्हा त्यांनी मला पहिल्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "पोरी, तार वढायची न्हाई. तिला सोडवायची." मला काम शिकवणारा असा माणूस पुन्हा भेटणार नाही. हे मी मनापासून बोलते आहे.

माझ्या आधी बोललेल्या प्रत्येकानं एक गोष्ट सांगितली. आप्पांनी हीटर कधी थांबू दिला नाही. त्यावर टाळ्या झाल्या. आप्पांनी मात्र मान खाली घातली होती, हे मी पाहिलं. त्या टाळ्यांबद्दलच मला बोलायचं आहे. साहेब, मी कार्यक्रमाचा बेरंग करायला उभी राहिलेली नाही. पण कार्यक्रम संपला की दुसरी पाळी सुरू होईल, आणि मग माझं ऐकायला कोणाला वेळ नसेल.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे तेल तापवण्याचा हीटर आहे. ते गरम तेल पाइपांतून सगळ्या प्लांटला फिरतं. पाइपात सेन्सर बसवलाय, तेल किती तापलं ते त्याला कळतं. त्याची तार पॅनलमधल्या एका कार्डाला येते. कार्ड त्याचा आकडा करतं आणि तो ऑपरेटरला दिसतो. तेल जास्त तापलं, किंवा सेन्सरकडून काहीच आलं नाही, तर हूटर वाजतो आणि बर्नर बंद होतो. यंत्र एवढंच म्हणतं, की मला कळत नाहीये, तेव्हा मी पेटणार नाही. किती साधी गोष्ट आहे, नाही का?

आपलं कार्ड बिघडलं. बाहेरची तार जोडली की आकडा उड्या मारायचा आणि हीटर बंद पडायचा. नवीन कार्ड मागवलं, ते येईना. वरून फोन, प्रॉडक्शन का थांबलं? मग आप्पांनी पाइपाकडून येणारी तार सोडवली आणि तिच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टन्स लावला, कार्डाला तो सेन्सरच वाटतो. त्याला आपण सगळे डमी म्हणतो. डमी लावला की पॅनलवर एकशे ऐंशी अंश दिसतं. तेल गार असो, उकळत असो, एकशे ऐंशी. हूटर गप्प, सगळे खूश. इथे बसलेल्यांपैकी कोणाला हे माहीत नव्हतं? ही काही आप्पांचीच रीत नाही. प्रत्येक खात्यात असा एकेक डमी आहे.

तेव्हा हीटरवर माझा धाकटा भाऊ होता. नवनाथ.

तुम्ही त्याला ओळखत होता. निमोण्याहून मोटारसायकलवर यायचा, डबा उघडायच्या आधी दुसऱ्याच्या डब्यात बघायचा. आप्पांनीच मला सांगितलं, की तो एकदा पॅनलसमोर उभा राहून त्यांना म्हणाला, "आप्पा, तुमचं मीटर लय सुखी हाय बगा. ना वाढतंय, ना घटतंय. आमच्या आण्णाचा बीपी बी असा ऱ्हात न्हाई."

आप्पा म्हणाले, "गप ए. तू हीटर चालीव, मीटरचं मी बगतो."

दोघंही हसले.

त्यानंतर एका दुपारी सांध्यातून तेल पाझरताना दिसलं. एकशे ऐंशीला थोडं पाझरणं नेहमीचंच आहे. पॅनलवर एकशे ऐंशी होतं. तो बघायला गेला, आणि सांधा सुटला. तापलेलं तेल अंगावर आलं आणि तो गेला. तेल प्रत्यक्षात किती तापलं होतं हे आजही कोणाला सांगता येत नाही. ते मोजत कोणीच नव्हतं.

चौकशी झाली. निष्कर्ष आला, की ऑपरेटर तोंडावर शील्ड न लावता जवळ गेला, म्हणजे ऑपरेटरचा निष्काळजीपणा. माझ्या वडिलांना, आण्णांना, मी तो वाचून दाखवला. आमच्या घरात आण्णांपर्यंत मेंढरंच होती, शेती नंतरची. मी त्यांना डमी म्हणजे काय ते समजावलं. ते म्हणाले, "मेंढराला ताप आला का न्हाई, ते कान धरून बघत्यात. तुमी काय लाकडाच्या मेंढराचा कान धरून बसला व्हता व्हय?" साहेब, तुम्हाला याचं उत्तर देता येईल का?

मी दुसरीकडची चांगली नोकरी सोडून इथे आले. लोक म्हणाले, भावाच्या जागेवर घेतलं, कंपनीनं उपकार केले. त्यांना म्हणू दे. मला या पॅनलवर काम करायचं होतं.

मी आले तेव्हा पाइप नवा होता, सांधा नवा होता, भिंतीला रंगही दिला होता. पॅनल उघडलं तर आत डमी तसाच. नवीन कार्ड मात्र आलं होतं. ते स्टोअरमध्ये खोक्यात आहे. मी विचारलं, बसवू? उत्तर आलं, ऑर्डर संपू दे. मग विचारलं, उत्तर आलं, शटडाऊन मिळू दे. खंडेनवमीला आपण सगळ्या यंत्रांची पूजा केली. पॅनलला झेंडूची माळ घातली आणि त्या बंद खोक्यालाही हळदकुंकू वाहिलं. साहेब, नारळ तुमच्याच हातून फुटला. कार्डाची पूजा झाली, प्रसाद वाटला, आणि कार्ड परत फळीवर गेलं.

तोवर उपाय काय? ऑपरेटरनं तापमान मोजायची गन हातात घेऊन पाइपाजवळ जायचं आणि आकडा बघून यायचं. पप्पू, तू मागे बसलायस, तूच सांग कुठं उभा राहतोस. जिथं नवनाथ पडला, तिथंच ना? आज दुसऱ्या पाळीला हीटर पप्पूलाच चालवायचाय. तो परवा मला म्हणाला, "ताई, घरी सांगितलेलं न्हाई मी. बायकू येऊच द्यायची न्हाई."

कार्यक्रमासाठी आज सकाळपासून हीटर गार आहे. अकराच्या सुमारास आप्पांनी मला चार्ज दिला. पॅनलची किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले, "आता तुझं." मी आप्पांसमोरच पॅनल उघडलं आणि डमी काढला. आप्पांनी मला थांबवलं नाही. बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले. हूटर वाजायला लागला तो तेव्हापासून. तो बिघाड नाहीये. एवढ्या दिवसांत पॅनल पहिल्यांदा खरं बोलतंय, की मला काही कळत नाहीये.

डमी माझ्या खिशात आहे. तो मी परत लावणार नाही, आणि माझ्याकडे चार्ज आहे तोवर कोणाला लावू देणार नाही. माझ्यावर जी कारवाई करायची ती उद्या करा.

आप्पा, तुम्हाला शाल मिळाली, काकूंना साडी मिळाली. त्या टेबलाखाली हळदकुंकवाचं एक खोकं आहे. ते मी स्टोअरमधून रीतसर सही करून आणलंय. तुमची एसटी संध्याकाळची आहे. तोवर ते कार्ड बसतं, तार जोडता येते, आणि गरम तेलाच्या भांड्यात सेन्सर धरून आकडा तपासताही येतो. मी एकटीही करीन. पण आप्पा, तो डमी तुमच्या हातानं लागला होता, म्हणून कार्डही तुमच्याच हातानं बसावं असं मला वाटतं. नवनाथसाठी. आज बॅटरी मी धरते.

साहेब, तुम्ही मला बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. सरपंचबाईंचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. रंभाकाकू, एसटीच्या वेळेपर्यंत आप्पांना तुमच्याकडून मागून घेते, त्यासाठी मला माफ करा. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर ती चूक पदरात घ्या. आणि हूटरचा त्रास होतोय, त्याबद्दलही क्षमा मागते. कार्ड बसेपर्यंत तो वाजणार आहे. तेवढा वेळ सगळ्यांनी ऐकावा, ही विनंती.